चिखलातल्या शर्यतीत पुढे कसं सरकायचं?

प्रश्न: मी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला राहतो. गेल्या हिवाळ्यात सायक्लोक्रॉसच्या (गवत, चिखल आणि अडथळ्यांच्या वाटेवरची सायकल शर्यत) नवशिक्यांच्या शर्यती पूर्ण केल्या, पण नेहमी शेवटच्या काहींतच. वजन ७० किलो. दम कमी पडतो का?

उत्तर: दमाचं नंतर पाहू. नवशिक्यांचा बराच वेळ वळणांवर आणि सायकलवरून उतरण्या-चढण्यात जातो. आधी टायरमधली हवा तपासा. ३३ मिमी रुंद ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरला तुमच्या वजनाला कोरड्या गवतावर १.८ बारच्या (हवेच्या दाबाचं एकक) आसपास, चिखलात १.५ पुरते. रिम झाडांच्या मुळांवर आपटू लागली तर ०.१ वाढवा. ३ बार भरून येणारे घसरतात आणि दोष टायरला देतात!

आठवड्यातून एकदा अर्धा तास फक्त उतरणं-चढणं करा. अडथळ्याच्या फळ्या जास्तीत जास्त ४० सेंमी उंच असतात. सरावाला २० सेंमीपासून सुरुवात करा. उजवा पाय सीटमागून डावीकडे आणा, उजव्या हाताने सायकलच्या सांगाड्याची वरची नळी धरा, मगच डावा पाय पेडलच्या पकडीतून सोडवा. परत चढताना उंच उडी नको, उजव्या मांडीच्या आतल्या बाजूने सीटवर घसरत या. चढण्याआधी पावलं अडखळत असतील तर वेग वाढवू नका, चालत सराव करा.

आता दम: २० सेकंद जोरात, २० सेकंद हळू, असं दहादा, ५ मिनिटं विश्रांती, एकूण तीन फेऱ्या. शिवाय एक पाय जमिनीवर ठेवून १५ सेकंदांचे पाच-सहा स्टार्ट. पहिल्या वळणानंतर वाट अरुंद होते, तिथे मागे अडकलात तर पाय ताजे असूनही रांगेतच राहाल.

शर्यतीत बदलायला दुसरी सायकल एवढ्यात घेऊ नका. चिखलाचे टायर चढवलेली जादा चाकं पुरेत.