हिवाळ्याची काळी रेघ

प्रश्न : हिमनदीच्या पाण्यावर भरणाऱ्या तळ्यात दर वर्षी गाळाचा एक थर बसतो, असं वाचलं. पण गाळ बाराही महिने बसतच असणार. मग वर्ष कुठे संपलं हे कसं कळतं? (वाचक, सातारा)

उत्तर : गाळ बाराही महिने बसतो, पण एकसारखा नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळला की हिमनदीने दळलेलं खडकाचं पीठ तळ्यात येतं. वाळू आणि पोयटा लवकर खाली जातात, चिकणमाती पाण्यातच रेंगाळते. साधारण ४ अंश सेल्सिअसच्या स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण ३० मीटर खोल जायला दीड तास घेतो, ०.००२ मिलिमीटरच्या सुट्या मातीच्या कणाला तेवढ्याच अंतराला पाच महिने लागतात. इतकी सलग शांतता हिवाळ्यातच मिळते. तळं वरून गोठतं, वारा पाणी घुसळू शकत नाही आणि वितळणं थांबल्याने नवा भरड गाळही जवळजवळ येत नाही.

म्हणून खाली फिकट, भरड उन्हाळी थर आणि वर गडद, मऊ हिवाळी थर. दोन्ही मिळून एक वर्ष. या जोडीला ‘व्हार्व’ म्हणतात; शब्द स्वीडिश आहे. उन्हाळी थर हळूहळू बारीक होत हिवाळी थरात मिसळतो, पण हिवाळी थराची वरची कड सुरीने कापल्यासारखी असते, कारण पुढच्या वितळीचा भरड गाळ थेट तिच्यावर येऊन पडतो. वर्षाची सीमा तीच.

समुद्रात ही जोडी नीट जमत नाही. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी जे करते तेच काम तिथे मीठ करतं : मातीचे कण एकमेकांना चिकटतात आणि पोयट्याबरोबरच खाली बसतात.

प्रश्न : म्हणजे थर मोजले की वय मिळालं? (वाचक, पुणे)

उत्तर : मोजणारा सावध असेल तर. स्वीडिश भूवैज्ञानिक गेरार्ड डी येर यांना १८७८ मध्ये स्टॉकहोमजवळच्या मातीत हे थर जाणवले. पुढे त्यांनी एका खाणीतल्या जाड-बारीक थरांचा क्रम दुसऱ्या खाणीतल्या क्रमाशी जुळवत स्वीडनमधून बर्फ मागे हटल्याचा कालक्रम लावला.

चूक होते ती बहुतेक उन्हाळ्यात. एकाच हंगामात दोन-तीन पूर आले तर दोन-तीन फिकट पट्टे पडतात. मध्ये खरी चिकणमाती नसेल तर ते वेगळं वर्ष धरू नये. उतारावरचा गाळ घसरला तर उपरा थर येतो, किंवा खालचे थर खरवडून जातात. यासाठी एकाच तळ्यातले दोन-तीन नमुने हवेत आणि मोजणारेही दोन. तळाच्या गाळात खुपसून काढलेली नमुन्याची नळी उभीच न्यावी. आडवी झाली की वरचा पातळ गाळ ढवळतो आणि अलीकडची वर्षं गेलीच. नळी उभी चिरून माती जरा सुकू द्यावी, मग पट्टे उठून दिसतात. वरच्या भागाची पडताळणी सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाने होते : अणुचाचण्यांमुळे त्याचं प्रमाण १९६३ च्या सुमाराच्या थरात सर्वाधिक असतं.

प्रश्न : शाळेत हे करून दाखवता येईल का? (शिक्षिका, वाई)

उत्तर : येईल. उंच काचेच्या बरणीत पाऊण भाग पाणी घ्या. पावसाचं उत्तम, बोअरचं नको, त्यातल्या क्षारांमुळे माती लवकर गुठळते. दोन चमचे बारीक वाळू आणि दोन चमचे चाळलेली माती वाटीभर पाण्यात कालवून ओता. पाणी निवळेपर्यंत बरणी हलवू नका. काही दिवस जातील. मगच दुसरी वाटी, चमच्यावरून हळूहळू सोडत. सरळ ओतली तर खालची माती उसळते. मुद्दाम दुसऱ्या बरणीत तासाभरातच पुढची वाटी ओता : दोन ‘वर्षां’मध्ये चिकणमातीची रेघ पडणारच नाही.

प्रश्न : महाराष्ट्रात असे थर आहेत का? (वाचक, वर्धा)

उत्तर : आज इथे हिमनदी नाही, पण सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी होती. चंद्रपूरजवळ इरई इथे त्या काळातल्या, म्हणजे ‘तालचिर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिमानी गाळाखालच्या चुनखडीवर बर्फाने काढलेले ओरखडे आहेत. तालचिर खडकांत काही ठिकाणी बारीक पट्ट्यांचे थरही मिळतात. मात्र प्रत्येक पट्टा म्हणजे वर्षच, असं गृहीत धरू नका. आधी चिकणमातीची रेघ शोधा.