पद्मिनी रेससाठी घेतलीत? आधी ब्रेक

साताऱ्यात न सडलेल्या पत्र्याची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, मिळाली, म्हणजे मोठा खर्च वाचला. आता ताकद वाढवायला लगेच कार्ब्युरेटर आणि कॅमशाफ्टच्या मागे लागू नका. १०८९ सीसीचं इंजिन सध्या आहे तसंच राहू द्या. फक्त कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक आला, तर मिस्त्रीला दाखवा.

खरा प्रश्न ब्रेकचा. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट सतत ब्रेक दाबून उतरलात की ड्रम तापतात, पकड जाते. सर्किटवर हे काही लॅपमध्येच होतं. व्हील सिलिंडरची (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) रबरं, होज आणि मास्टर सिलिंडरचं (पेडलचा दाब पुढे पाठवणारा भाग) किट एकदमच बदला. ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या. उघडा डबा हवेतला ओलावा ओढतो, तापल्यावर त्याची वाफ होते आणि पेडल थेट तळाला!

मग एवढं बघा:

- टायरवरचा चार अंकी आकडा. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुना टायर नको.
- पेट्रोलचे पाइप. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, चिरतं. गळती गरम एक्झॉस्टवर झाली तर आग.
- किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन. गाडी जॅकवर घेऊन चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड आली तर नुसत्या ग्रीसने भागणार नाही.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवू नका, ही नवख्यांची लाडकी चूक. चाकांचे कोन बिघडतात, टायर एकाच बाजूने झिजतात. रोल केजही (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा) स्पर्धेची नियमावली वाचल्याशिवाय वेल्ड करू नका. कार्ब्युरेटरचं नंतर बोलू.