हत्ती बघायला निघालेल्यांकडे कसं बघावं

प्रिय,

चिनी दिग्दर्शक हू बोचा 'ॲन एलिफंट सिटिंग स्टिल' (२०१८) हा सिनेमा तू चार तुकड्यांत बघितलास आणि 'फार संथ आहे' असं कळवलंस. पुन्हा बघ, पण एका बैठकीत. २३४ मिनिटं आहेत. गोष्ट एकाच दिवसाची, सकाळ ते रात्र. सिनेमा तोडलास की तो दिवसच तुटतो. मधे दहा मिनिटं उठ, फोन मात्र हातात घेऊ नकोस.

उत्तर चीनमधलं मरगळलेलं औद्योगिक शहर. दांडगट मुलाला जिन्यावरून ढकलून पळालेला वेई बू, त्याच्या वर्गातली हुआंग लिंग, त्या दांडगटाचा भाऊ यू चेंग, आणि मुलगा वृद्धाश्रमात धाडू बघतोय ते वांग जिन. दूर मांझौली शहरात एक हत्ती नुसता बसून असतो म्हणे. तेवढ्या ऐकीव गोष्टीची यांना ओढ लागते.

आता फोकसकडे बघ. कॅमेरा माणसाच्या मानेशी चिकटलेला. एक चेहरा स्पष्ट, समोरचा ओरडत असला तरी धूसर. एकटेपणा संवादात शोधू नकोस, या धूसरपणात आहे तो. वांग जिन वृद्धाश्रम बघायला जातात तो प्रसंग तीनदा बघ: एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून, आणि तिसऱ्यांदा कागदावर वृद्धाश्रमातल्या बोळाचा (कॉरिडॉरचा) नकाशा काढत.

मग असा धूसर पार्श्वभूमीचा शॉट स्वतः घेऊन बघ. मोबाइलचा सेन्सर लहान, त्यात सगळंच स्पष्ट येतं. मागचं कृत्रिमपणे धूसर करणाऱ्या पोर्ट्रेट मोडमध्ये चालत्या माणसाच्या केसांच्या कडा थरथरतात. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा उसना आण. ५० मिमी लेन्स, एफ/२ (लेन्सचं छिद्र बरंच उघडं), चेहरा सव्वा मीटरवर, मागची भिंत निदान पाच मीटर लांब. एवढ्यात जेमतेम सात-आठ सेंटिमीटर खोली स्पष्ट राहते, म्हणजे नट अर्धं पाऊल पुढे सरकला की शॉट गेला. ऑटोफोकस बंद ठेव, नाहीतर मागून कोणी गेलं की तो तिकडे धावतो. सव्वा मीटरची सुतळी घेऊन तू आणि नट, दोघांनी अंतर राखत चालायचा सराव करा. व्हाइट बॅलन्सही (प्रकाशानुसार रंग जुळवणारी सेटिंग) बांधून ठेव. नाहीतर बाहेरून ट्यूबलाइटखाली येताच सिनेमासारखा करडा रंग बदलतो आणि सगळा शॉट वाया जातो.

हू बो हा सिनेमा लोकांपर्यंत पोहोचण्याआधीच, वयाच्या २९व्या वर्षी गेला. प्रत्येक चौकटीत त्याचा मृत्यू शोधू नकोस. त्याची माणसं शेवटी बसमध्ये बसतात, हे विसरलं जातं. शेवटच्या शॉटमध्ये कॅमेरा किती लांब उभा आहे ते बघ, आणि आधी कधी इतका लांब गेला होता का, ते मागे जाऊन तपास. नकाशा पुढच्या पत्रासोबत पाठव.