वाचकांचे प्रश्न : सॉफ्टवेअरच्या कामाची किंमत

प्रश्न : मी एकट्याने सॉफ्टवेअर बनवून देतो. कोड लिहायला किती तास लागतील याचा अंदाज फारसा चुकत नाही, तरी प्रत्येक काम दीडपट-दुप्पट लांबतं. असं का होतं?

उत्तर : बहुतेक वेळा वेळ खातात ती यादीत न आलेली कामं. ग्राहक नुसतं ‘लॉगिन’ म्हणतो. त्यात विसरलेला पासवर्ड, चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं बंद होणं, नोकरी सोडलेल्या माणसाचा प्रवेश काढणं हे सगळं येतं. म्हणून १६ तासांहून मोठा तुकडा उरणार नाही इतकं काम फोडा. टेस्टिंग, बगदुरुस्ती, सर्व्हरवर चढवणं, बैठका यांच्या ओळी वेगळ्या लिहा. जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये आणायचा असेल तर जास्तच सावध राहा : एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, तारखा दोन पद्धतींच्या, फोनच्या रकान्यात पत्ता. खरी फाइल पाहिल्याशिवाय त्या ओळीपुढे आकडा टाकू नका.

प्रत्येक तुकड्याला तीन आकडे द्या : सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर आणि अडलं तर. समजा ६, १० आणि २६ तास. मधल्याची चौपट करून त्यात दोन्ही टोकं मिळवा आणि ६ने भागा. उत्तर १२ तास. (मनात आपण १०च धरलेले असतात.) दोन टोकांतल्या फरकाला ६ने भागलं की विचलन, म्हणजे अंदाज साधारण किती हलू शकतो ते मिळतं, सुमारे ३.३ तास. असे ९ तुकडे असले तर बेरीज १०८ तास. विचलनांची मात्र सरळ बेरीज करायची नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं, ते येतं १०. दुप्पट विचलन धरून ‘१०८ ते १२८ तास’ असं सांगता येईल.

यात एक मेख आहे. तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतील तरच हे गणित चालतं. नऊही तुकडे बाहेरच्या एकाच पेमेंट सेवेवर उभे असतील, तर ती अडली की सगळेच अडतात. मग विचलनं सरळ मिळवावी लागतात आणि वरचा आकडा १६८वर जातो. अशी जोडणी आधी दोन दिवस घालून तपासा, मगच कोटेशन द्या.

पहिल्याच भेटीत एक आकडा सांगणं टाळाच. नुसत्या कल्पनेच्या टप्प्यावरचा अंदाज चौपटीपासून पावपटीपर्यंत हलू शकतो, हे अमेरिकी सॉफ्टवेअर अभियंता बॅरी बोहेम यांनी १९८१मध्येच मांडलं होतं. आधी गरजा लिहून काढायचं काम वेगळे पैसे घेऊन करा. तो कागद ग्राहकाचाच राहील, हवं तर पुढचं काम तो दुसऱ्याला देईल.

प्रश्न : ताशी दर कसा ठरवायचा? महिन्याला हवी असलेली रक्कम भागिले तास, इतकं पुरे का?

उत्तर : नाही. ५२ आठवडे गुणिले ४० म्हणजे २०८० तास. सुट्ट्या आणि आजारपणाचे ५ आठवडे काढले की १८८०. त्यातले बिलात लागणारे ६० टक्के धरा, म्हणजे ११२८. बाकीचे कोटेशन, फोन, हिशेब आणि शिकण्यात जातात. स्वतःचा मोबदला, कर, उपकरणं, सबस्क्रिप्शन, विमा आणि नफा यांच्या वर्षाच्या बेरजेला ११२८ने भागा. २०८०ने भागलंत तर दर जवळपास निम्माच निघेल.

प्रश्न : ग्राहकाला ठरावीक किंमतच हवी आहे, वर घासाघीसही चालली आहे.

उत्तर : काय करायचं ते लेखी ठरलं असेल तर ठरावीक किंमत द्या, पण ती अंदाजाच्या वरच्या टोकाच्या आकड्यावर बांधा, लांबलेल्या तासांचा भुर्दंड तुमच्यावर पडणार आहे. कोटेशनमध्ये काय येणार नाही तेही लिहा. झालेलं काम तपासून कळवायला ग्राहकाला १० कामाचे दिवस द्या, त्यानंतरच्या बदलाचं बिल वेगळं. हप्ते ३०, ३०, ३० आणि १० टक्के ठेवा. शेवटचा लहान असू द्या, कारण ‘अजून एक बटण’ म्हणत ग्राहक तोच हप्ता अडवून ठेवतो. सूट मागितली तर दर आणि तास तसेच ठेवून काम कमी करा : पाच रिपोर्टऐवजी दोन, मोबाइल ॲप पुढच्या टप्प्यात. कोणते दोन, ते ग्राहकाला निवडू द्या.