रोज दमूनही वेग का वाढत नाही?

प्रश्न : माझं वय ४३. आठवड्यातले सहा दिवस कोंढव्याहून ३० किलोमीटर सायकल चालवतो. रोज जीव तोडून पायडल मारतो, तरी वर्षभर सरासरी ताशी २१ वरच अडकली आहे. हलकी सायकल घेऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नवी सायकल आत्ता नको. तुमच्या पत्रातला ‘रोज’ हा शब्द मला खटकला.

२०० किलोमीटरच्या पहिल्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडची, तयारी करताना मीही हेच करत होते. साडेतेरा तासांत अंतर संपवायचं, या धास्तीनं रोज सायकल दामटायची. पाय कायम भरलेले; खरा जोर लावायच्या दिवशी अंगात काही उरायचंच नाही. ग्रुपमधल्या एका काकांनी एके सकाळी माझ्या मीटरवर चिकटपट्टी लावली. म्हणाले, “उरुळी कांचनपर्यंत माझ्याशी गप्पा मारत यायचं. धाप लागली तर गिअर हलका कर.” हडपसर सुटताच दोन पोरं मला मागे टाकून गेली, तेव्हा फार जिवावर आलं. पण दोन दिवसांनी चढावर पाय मोकळे होते, असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

तुम्हीही सहापैकी एक दिवस पूर्ण सुट्टी घ्या. तीन दिवस इतकं सावकाश चालवा की फोनवर सलग बोलता येईल. हृदयाचा आणि स्नायूंचा दम याच राइडमध्ये तयार होतो, म्हणून त्या वाया गेल्या असं समजू नका. उरलेले दोन दिवस बोपदेव घाटाचे. आधी २० मिनिटं अंग गरम करा. मग चार मिनिटं असा चढ चढा की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. नंतर तीन मिनिटं अगदी हलकं. असं चार वेळा. पहिल्याच खेपेत सगळं उधळू नका, चौथी खेप पहिलीइतकीच दमदार व्हायला हवी. या दोन दिवसांमध्ये किमान एक दिवस सावकाशीचा ठेवा.

गिअर जड ठेवायची सवय अनेकांना असते. सपाटीवर उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. २० ते २२ वेळा यायला हवा. टायरची हवाही आठवड्याला तपासा.

चाळिशी उलटली आहे, तेव्हा घाटातला जोर सुरू करण्याआधी डॉक्टरांना हृदय दाखवून घ्या. छातीत दडपलं किंवा चक्कर आली तर तिथेच उतरा.

सहा आठवड्यांनी त्याच रस्त्यावर, वारा साधारण तसाच असताना, घड्याळ लावा आणि मला कळवा.