माफी इतक्या लवकर नको

घरापासून दुरावलेल्या गरोदर लेकीला बाप माफ करतो, त्या तुमच्या कादंबरीचा आराखडा वाचला. विषय दमदार आहे, पण तिसऱ्याच प्रकरणात बाप लेकीला जवळ घेतो, ही घाई झाली. बायबलमध्ये येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत (लूक 15) बाप परतलेल्या मुलाकडे धावत जातो हे खरं. पण त्याआधी मुलगा दुष्काळ, डुकरं राखणं, उपासमार सगळं भोगून आलेला असतो. शिवाय थोरला भाऊ रुसून बाहेरच. बाप त्याचीही मनधरणी करतो, पण तो आत गेला की नाही, हे येशू सांगतच नाही. तुमच्याकडे असा एक थोरला हवाच. घरी राहून सगळं निभावलेली बहीण चालेल. तिचा राग खोटा नाही, तिला खलनायिका करू नका.

भावांनीच विकलेल्या योसेफाची गोष्टही (बायबल, उत्पत्ती 42 ते 45) पुन्हा वाचा. तो भावांना लगेच ओळख देत नाही. आधी पारखतो, आड जाऊन रडतो, मग बोलतो. क्षमा केली म्हणजे भरवसा बसला असं नसतं, आणि तुमची खरी कथा त्या मधल्या काळातच आहे.

गरोदरपण शिक्षा म्हणून वापरू नका. बाळ हे भांडण मिटवायचं साधनही नाही. लेकीची मळमळ दाखवा, घट्ट होत चाललेला कुर्ता दाखवा, आईचा फोन वाजतोय आणि ती नुसती स्क्रीनकडे बघतेय ते दाखवा. आणि बाळाचा बाप कुठाय? आराखड्यातून तो गायबच आहे.

पाळकांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) लांबलचक प्रवचन मात्र काढा. बायबलमधलं वचन हवंच असेल तर ते चुकीच्या माणसाला चुकीच्या वेळी सुनावू द्या.