प्रवासाचं महागडं कार्ड घेण्याआधी

अरे, विमानतळावरचा लाउंज फुकट मिळतो एवढ्यावर महागडं क्रेडिट कार्ड घेऊ नकोस. रत्नागिरीहून मुंबईला कोकण रेल्वेने जाणाऱ्याला लाउंजचा काय उपयोग? गोव्यातल्या मोपा विमानतळावरून किंवा मुंबईहून वारंवार उडत असशील तर गोष्ट वेगळी. तरीही हल्ली बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच आत सोडतात.

हिशोब असा मांड. वर्षाची फी 10,000 असेल तर 18 टक्के जीएसटी धरून 11,800. पॉइंटांतून खर्चाच्या 2 टक्के परत येतात असं समज, म्हणजे नुसती फी वसूल व्हायला 5,90,000 रुपये उडवायला हवेत. त्यात पेट्रोल, घरभाडं यांवर बहुधा पॉइंट नाहीतच. आणि आपला खर्च होतो कुठे? मालवणातला होमस्टे, मासळीची थाळी, बोटवाला, सगळीकडे यूपीआय. त्याला फक्त रुपे क्रेडिट कार्ड जोडता येतं. मोठी प्रवासी कार्डं बहुतेक व्हिसा नाहीतर मास्टरकार्डची.

खरा फायदा परदेशी जाणाऱ्याला. साध्या कार्डावर परकीय चलनातल्या खर्चावरचा जादा आकार, म्हणजे मार्कअप, साधारण 3.5 टक्के, चांगल्यावर 2 किंवा कमी. पॉइंट एअरलाइनकडे वळवून बिझनेस क्लासचं तिकीट काढलं तर पॉइंटांची किंमतही वाढते. आखातात माणसं असलेल्या घरांनी जरूर विचार करावा. फक्त पॉइंट वर्षानुवर्षं साठवू नयेत, बँका त्यांचे दर बदलतात.

बिल थकवायची सवय असेल तर विषयच संपला: महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, वर जीएसटी. तू आधी बिनफीचं कार्ड वर्षभर वापर, मग बोलू.